बोलीत ऑफर देता, मग अटी पण बोलीतच सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत लेख आला होता की कंपन्यांना आता खेड्यापाड्याची बोली कळायला लागली, खान्देशात अहिराणीत जाहिराती यायला लागल्या आणि आपल्या मायबोलीसाठी ही आनंदाची गोष्ट आहे. लेख मला आवडला, आनंद मला पण आहे, पण त्यात अर्धीच गोष्ट आली आणि राहिलेली अर्धी मी रोज दुकानात बसून पाहतो, म्हणून हे पत्र लिहितोय. चोपड्यात माझं फ्लेक्स आणि रेकॉर्डिंगचं छोटं दुकान आहे. बॅनर, पत्रकं, भिंती रंगवायची कामं आणि रिक्षावर भोंगा लावून गावोगाव जी जाहिरात फिरते तिचा आवाज, हे सगळं आमच्याकडे होतं. म्हणजे ऑफर कोणत्या भाषेत द्यायची आणि अटी कोणत्या भाषेत ठेवायच्या हे ठरतं तेव्हा मी समोरच बसलेलो असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या भाषेत गिऱ्हाईकाला बोलावता त्याच भाषेत त्याला अट सांगा, धोका सांगा आणि नंतर तो तक्रार घेऊन आला तर त्याच्याशी त्याच भाषेत बोला. बोलावताना अहिराणी आणि सही घेताना इंग्रजी, हे बंद व्हायला पाहिजे.

आधी एक गोष्ट, कारण पुण्या-मुंबईच्या एजन्सीवाल्यांना ती दर वेळी सांगावी लागते. त्यांचा व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, "खान्देशसाठी हे अहिराणीत करून द्या." आता खान्देश म्हणजे नुसती अहिराणी नाही हो. रावेर, यावल, भुसावळ पट्ट्यात लेवा गणबोली आहे, बहिणाबाईंची ओवी त्याच मातीतली, तिथे धुळ्याकडची अहिराणी वाजवली तर लोक ऐकतील पण ती त्यांच्या घरातली वाटणार नाही. शहादा, तळोदा आणि आमच्या चोपड्याकडे गुजर समाज घरात गुजरी बोलतो. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुव्याला पावरी आणि भिलीचे प्रकार, नवापूरला मावची, तिथून गुजरात लागूनच असल्यामुळे बाजारात गुजराती पण चालते. यावल, रावेरला तडवी. चाळीसगाव, जामनेरच्या तांड्यांवर गोरमाटी. भुसावळ रेल्वेचं गाव त्यामुळे तिथे हिंदी, आणि जळगाव, भुसावळ, धुळ्यात उर्दू बोलणारी मोठी वस्ती. अहिराणी सुद्धा एकसारखी नाही, बागलाणची वेगळी, तापीकाठची वेगळी, नंदुरबारची वेगळी. चोपड्याच्या आठवडी बाजारात एकाच दुकानदाराला सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन-चार बोल्या बोलाव्या लागतात आणि तो बोलतो, त्याला कोणी कोर्स लावला नव्हता.

एजन्सीवाल्यांचा तरी दोष किती, त्यांच्या समोर जे आकडे असतात त्यात ह्या भाषा दिसतच नाहीत. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ह्या नावाखाली (अहिराणी त्यातच धरतात) देशभरात साधारण १८ लाख ६० हजार लोक आहेत, २००१ ला हाच आकडा २० लाख ७५ हजार होता. म्हणजे दहा वर्षात लोक वाढले आणि भाषेचा आकडा घटला. जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या आमच्या तीन जिल्ह्यांचीच लोकसंख्या त्या वेळी ७९ लाखाच्या आसपास होती. माझ्या मते कारण सरळ आहे, गणनेवाला मास्तर दारात आला की बरेच लोक मातृभाषा मराठी सांगतात, घरात अहिराणी बोलत असले तरी. भिलीचा आकडा तर देशभरात एक कोटीच्या वर आहे, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भिली नाही, अहिराणी पण नाही. अनुसूचीत नाही म्हणजे नोटेवर नाही, फॉर्मवर नाही, हेल्पलाइनवर नाही, आणि एजन्सीच्या यादीत पण नाही.

आणि तरी बोलीचा उपयोग होतो हे सगळ्यांना माहीत आहे. केपीएमजी ही सल्लागार कंपनी आणि गुगल यांनी २०१७ ला एक रिपोर्ट काढला होता, त्यात भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २०१६ ला २३ कोटी ४० लाख आणि इंग्रजीतून वापरणारे साडेसतरा कोटी असं होतं, आणि आपल्या भाषेतल्या जाहिरातीला जास्त प्रतिसाद देऊ असं म्हणणारे ८८ टक्के निघाले. त्यांनी मोजल्या त्या हिंदी, मराठी, तमिळ अशा मोठ्या भाषा. आमच्याकडे त्याचा पुरावा बघायचा तर युट्यूबवर अहिराणी गाण्यांना कोटीकोटी व्ह्यूज येतात, लग्नात डीजेवर दुसरं काही चालत नाही, हे पाहूनच तर मोबाइलवाले, सोनंवाले, ट्रॅक्टरवाले, फायनान्सवाले सगळे बोलीकडे वळले.

हे का चालतं त्याबद्दल नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या तीन संशोधकांनी २००९ मध्ये प्रयोग करून दाखवलंय की दोन भाषा येणाऱ्या माणसाला तीच जाहिरात त्याच्या स्वतःच्या भाषेत दिली तर ती मनाला जास्त भिडते, कारण त्या शब्दांच्या मागे त्याच्या आठवणी असतात. आम्हाला हे प्रयोगाशिवाय कळतं. रिक्षावर नुसतं मराठी वाजलं तर ओट्यावरची म्हातारी मान वर करत नाही, अहिराणी वाजलं की हातातलं सूप ठेवून बाहेर येते. तिला वाटतं आपलंच कोणीतरी बोलतंय. आणि म्हणूनच जबाबदारी जास्त आहे साहेब, कारण आपलं माणूस बोलतंय म्हटल्यावर आपण प्रश्न विचारत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. समजा एक फायनान्सवाली पार्टी आली (नाव लिहीत नाही, आणि एकच नाही, बऱ्याच आहेत). भोंग्यावर काय वाजवायचं ते ठरलेलं, "कागद नही, जामीन नही, आधार लई या, पैसा लई जा" (आधार कार्ड घेऊन या, पैसा घेऊन जा). मागे ढोल, एखाद्या बाईचा गोड आवाज. दहा-पंधरा गावं फिरते रिक्षा. बाया गटाने येतात, नाव लिहितात. मग ऑफिसात जो कागद समोर ठेवतात तो इंग्रजीत, पानंच्या पानं, बारीक अक्षर, आणि पोरगा बोट ठेवून सांगतो इथे सही, इथे अंगठा. व्याज किती ते महिन्याच्या हप्त्यात सांगतात, वर्षाचा टक्का सांगत नाहीत. प्रोसेसिंग फी आधीच कापून हातात कमी रक्कम येते हे तिला पैसे मोजताना कळतं. विमा जोडलेला असतो ते तर कधीच कळत नाही. मी एकदा एका पार्टीला म्हटलं की ह्याच रेकॉर्डिंगमध्ये व्याजाचा वर्षाचा टक्का आणि फी पण अहिराणीतच टाकू, जेमतेम दहा सेकंद वाढतील, तर तो म्हणाला ते वरून अप्रूव्ह होऊन येत नाही. बोलावणं वरून अप्रूव्ह होतं आणि टक्का होत नाही, हे मला पटत नाही.

नियम नाहीत असं पण नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढलंय, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना लागू आहे, की किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जाला कर्जदाराला एक मुख्य माहितीचा कागद द्यायचा, त्यात सगळ्या फी धरून वर्षाचा एकूण खर्च टक्क्यात दाखवायचा, तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहायचा, त्याला तो समजावून सांगायचा आणि समजलं म्हणून त्याची पोच घ्यायची. समजेल अशा भाषेत, असं स्पष्ट आहे त्यात. आता धडगावच्या बाईला समजेल अशी भाषा कोणती हे त्या कंपनीला माहीत नाही असं कोणी म्हणू शकत नाही, कारण तिला बोलवायला त्यांनी पावरीतच भोंगा लावला होता. मला वाटतं हाच मुद्दा ग्राहक आयोगात मांडला पाहिजे, की ज्या बोलीत जाहिरात केली तीच बोली समजण्याची भाषा धरा.

तसंच जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लिहिलंय की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खालची तळटीप पाहिजे, आणि अक्षराचा फॉन्ट पण तोच पाहिजे. आमच्या धंद्यात ह्याला आम्ही फुलीवाली ओळ म्हणतो, वर मोठ्या अक्षरात मराठी "फक्त १ रुपयात घरी न्या" आणि कोपऱ्यात फुली मारून इंग्रजीत बारीक ओळ. ही ओळ आजही प्रत्येक दुसऱ्या फ्लेक्सवर येते. ह्या सूचना छापील, टीव्ही, रेडिओ, सोशल मीडिया सगळ्या माध्यमांना लागू आहेत, म्हणजे भोंग्याला पण. दंड पहिल्यांदा १० लाखापर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखापर्यंत होऊ शकतो. पण तालुक्याच्या गावात हे कोणी तपासायला येत नाही, आणि फ्लेक्सवाल्यांना तर असा नियम आहे हेच माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय, माझ्या धंद्यातले लोक पण तुमचा पेपर वाचतात.

कर्जापेक्षाही मला जास्त काळजी फवारणीच्या औषधाची वाटते. आमचा कापसाचा पट्टा. पाऊस लागला की औषध कंपन्यांचे लोक रेकॉर्डिंगला येतात, "एकच फवारा, बठ्या (सगळ्या) अळ्या साफ", हे अहिराणीत, पावरीत, हिंदीत, सगळ्यात करून पाहिजे, कारण सातपुड्यातून मजूर येतो आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या वरला, सेंधव्याकडून पण येतो. फवारणी मालक करत नाही, मजूर करतो. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, वारा अंगावर येत असेल तर फवारू नका, डबा नाल्यात धुवू नका, ह्यातलं एक अक्षर नसतं. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमाप्रमाणे डब्याचं लेबल हिंदी, इंग्रजी आणि जिथे माल विकला जाणार तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत पाहिजे. पण लेबल केवढं, अक्षर केवढं, आणि प्रादेशिक म्हणजे मराठीच धरतात. ज्याच्या हातात पंप आहे तो पावरी बोलतो, कित्येकदा शाळा सोडलेला असतो. डब्यावर चौकोनाच्या खालच्या भागात रंग असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे औषध सुरक्षित, असं समजणारे कितीतरी शेतकरी मला भेटलेत, तो सुद्धा विषाचाच डबा आहे, फक्त कमी जहाल. हे रंगाचं गणित कोणत्याही बोलीत अर्ध्या मिनिटात सांगता येतं. २०१७ ला यवतमाळकडे फवारणीने वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं, आपल्याकडे पण कापूस आहे, आपल्याकडे पण तेच पंप आणि तेच डबे आहेत. त्यामुळे औषधाची जाहिरात ज्या बोलीत, सावधगिरी पण त्याच बोलीत, ही अट कृषी खात्याने घातली तर कोणाचं नुकसान होणार आहे?

अजून एक गोष्ट मनाला लागते. जाहिरातीत अहिराणी बोलणारा माणूस नेहमी अडाणी दाखवतात. डॉक्टर, बँकेचा साहेब, शिकलेली सून हे शुद्ध मराठी बोलतात आणि अहिराणी बोलतो तो फसलेला शेतकरी नाहीतर लोकांना हसवणारा म्हातारा. का बरं? जळगाव-धुळ्यात कितीतरी डॉक्टर पेशंटशी अहिराणीतच बोलतात आणि पेशंट त्यांच्याकडेच जातो. आमच्या पोरांनी असल्या जाहिराती पाहूनच कॉलेजात अहिराणी बोलायची लाज धरली. विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं २०१८ ला, चांगलं झालं, पण तिथे शिकणाऱ्या पोराला कॅन्टीनमध्ये आपल्या आईशी फोनवर बोलायला बाहेर जावं लागू नये असं मला वाटतं. कंपन्यांनी एवढं जरी केलं की अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडी शहाणपणाचं वाक्य दिलं, तरी खूप झालं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो जी कदाचित नव्या पोरांना उपयोगी पडेल. अहिराणी कानाने ऐकायची भाषा आहे, डोळ्याने वाचायची सवय लोकांना नाही. शाळेत सगळे मराठी शिकले, त्यामुळे फ्लेक्सवर अहिराणी छापली की माणूस थांबून अक्षर लावत बसतो, मोटरसायकलवर असेल तर निघून जातो. म्हणून छापील मराठीत ठेवा, साधी मराठी, आणि बोललेलं बोलीत. अटींचं पण तसंच, लिहिलेली अट मराठीत आणि ऐकवलेली अट बोलीत, अशी जोडी लावली तर काम होतं. कर्जाच्या कागदावर एक क्यूआर कोड टाकला आणि स्कॅन केला की दोन मिनिटांत पावरीत, मावचीत, अहिराणीत सगळ्या अटी ऐकू आल्या, तर खर्च कितीसा येतो? मोबाइल आता डोंगरात पण पोचलाय. भोंगऱ्या बाजारात, होळीच्या आधीच्या आठवड्यात, सातपुड्यातली सगळी तरुण पोरं मोबाइल घेऊनच येतात, आणि त्या गर्दीत मोबाइलवाले पावरीत ओरडून हप्त्यावर फोन विकतात. विकायला जमतं, तर सांगायला पण जमेल.

सरकारने पण हात राखू नये. ग्राहक हेल्पलाइन १९१५ सतरा भाषांत चालते, संथाली आणि मैथिली पण त्यात आहेत, ऐकून बरं वाटलं, पण भिली नाही आणि अहिराणी नाही. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या गणनेप्रमाणे ६९ टक्के लोक आदिवासी. तिथल्या माणसाने तक्रार करायला फोन लावला तर त्याला आधी मराठी किंवा हिंदी जमली पाहिजे. सिकलसेल ह्या रक्ताच्या आजारासाठी केंद्राचं मिशन २०२३ मध्ये सुरू झालं, २०४७ पर्यंतचं लक्ष्य आहे, त्याची पोस्टर्स दवाखान्यात मराठीत लागतात, आणि दवाखान्याच्या बाहेर मोबाइलवाल्याचा भोंगा पावरीत वाजत असतो. गिऱ्हाईक कुठल्या भाषेत ऐकतं हे बाजाराला कळलं आणि आरोग्य खात्याला अजून कळायचं आहे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये आदिवाणी नावाचं भाषांतराचं अॅप आणलं, त्यात भिली आहे, मध्य प्रदेशची धरून. सुरुवात चांगली आहे, आपल्याकडच्या पावरी-मावचीपर्यंत यायला पाहिजे.

एक शंका लोक मला नेहमी विचारतात, ती पण इथेच सांगून टाकतो, की पाटीवर दुसरी भाषा लिहिली तर दंड होतो का. कायदा असा आहे की दुकानाची पाटी मराठीत देवनागरीत पाहिजे आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. दुसरी भाषा लिहायला मनाई नाही. विदर्भातल्या अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरची उर्दू सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये कायम ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे असं स्पष्ट म्हटलं. त्यामुळे सावदा-रावेरच्या दुकानदाराने मराठीखाली उर्दू लिहिली किंवा नवापूरच्या दुकानदाराने गुजराती लिहिली तर घाबरायचं कारण नाही. मराठी माझ्या जिवाची आहे, तिला अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला तेव्हा मी दुकानावर पदरचा फ्लेक्स लावला होता. पण मराठीचा मान राखायचा म्हणून पावरी बोलणाऱ्या बाईला न कळणाऱ्या कागदावर अंगठा लावायला लावायचा, हे मराठीला पण शोभत नाही.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या पेपरात रोज अर्धं-अर्धं पान जाहिराती असतात, त्यात पण फुलीवाली ओळ इंग्रजीत असते, कालच्या अंकात पहिल्याच पानावर होती. तुमच्या जाहिरात विभागाने एवढं ठरवावं की मराठी जाहिरात घेतली तर अटी मराठीतच आणि चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या अक्षरात. पार्टी कुरकुर करेल, दोन-चार परत पण जातील, पण खान्देशात तुमच्याशिवाय त्यांचं भागत नाही. दुसरं, आठवड्यातून एक छोटा चौकोन द्या, व्याजाचा टक्का कसा विचारायचा, औषधाच्या डब्यावरचा रंग कसा ओळखायचा, १९१५ ला काय सांगायचं, अशी माहिती मराठीत, आणि खाली क्यूआर कोड, तो स्कॅन केला की तीच माहिती अहिराणी, लेवा बोली, पावरी आणि मावचीत ऐकू येईल.

अहिराणीचं रेकॉर्डिंग मी फुकट करून देतो, मशीन, माइक सगळं माझं. लेवा बोलीसाठी यावलकडच्या एक ताई आवाज द्यायला तयार आहेत, त्यांच्याशी बोललोय. पावरी आणि मावचीसाठी धडगाव, नवापूरकडचं कोणी शिक्षक, आशाताई, कॉलेजचं पोरगं तयार असेल तर त्याने तुमच्या कार्यालयात नाव द्यावं, येण्याजाण्याचं भाडं माझ्याकडे. कापसाच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत औषधाचं पहिलं रेकॉर्डिंग झालं पाहिजे, म्हणून उत्तर लवकर कळवा ही विनंती.

आपला नियमित वाचक,
फ्लेक्स व रेकॉर्डिंगवाला,
चोपडा, जि. जळगाव